गदाधारी आणि राखीचं कार्ड

प्रामाणिक माणसाला साक्षीदार लागत नाही, असं लोणीच्या देवळाच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवलेलं आहे. त्याखाली सौजन्य म्हणून तीन माजी सरपंचांची नावं आहेत आणि रंगाऱ्याचा मोबाइल नंबर.

भरतला मात्र साक्षीदार हवे होते, आणि तेही रविवारच्या आत. रविवारी यात्रा कमिटीची बैठक होती आणि त्याला पुन्हा खजिनदार व्हायचं होतं. गेल्या वर्षी तो खजिनदार असताना कुस्त्यांच्या बक्षिसाची चांदीची गदा त्यानेच आणली होती. ती जिंकलेल्या डिंभ्याच्या पैलवानाच्या आईने कौतुकाने चिंच लावून घासली, तेव्हा चांदी चिंचेबरोबर गेली आणि खालून पत्रा निघाला. पैलवान मिळेल त्या एसटीने परत आला, गदा देवळाच्या पायरीवर ठेवली आणि एक शब्द न बोलता निघून गेला. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं भरतला अजूनही वाटे. दुकानदाराने आपल्यालाच फसवलं, हे त्याने घरोघर जाऊन सांगितलं. ते फक्त त्याच्या बायकोला, अश्विनीला पटलं, तेही निम्मं. बाकी गाव तेव्हापासून त्याला ‘गदाधारी’ म्हणतं.

अशा माणसाला नारायणगावच्या स्टँडजवळ, शेअर जीप भरायची वाट बघत असताना, बाकड्याखाली एक गुलाबी पाकीट सापडलं. आत एका ऑनलाइन दुकानाचं गिफ्ट कार्ड होतं. पाकिटावर लिहिलं होतं, ‘टीनाला, राखीची भेट. दादा.’

दुसऱ्या कुणाला सापडतं तर ते नुसतं कार्ड राहिलं असतं. भरतला त्यात पेपरचं तालुक्याचं पान दिसलं. रिक्षावाल्याने मंगळसूत्र परत केलं, कंडक्टरने पर्स परत केली, आणि मग तो ठरलेला फोटो: मधोमध शाल पांघरलेला, ओशाळलेला प्रामाणिक माणूस आणि दोन्ही कडांना, आपणच काहीतरी परत केल्यासारखे हसणारे प्रतिष्ठित.

“ज्याचं हाय त्याला देऊन टाका न् मोकळे व्हा,” घरी अश्विनी म्हणाली.

“देणारच हाय. पण गुपचूप दिलं तर दिलं कशावरून?”

“घेणाऱ्याला कळंल की.”

“त्याला कळून काय करायचं? खजिनदार गाव ठरवतं.”

गदेपासून भरत चकचकीत वस्तूवर विश्वास ठेवत नसे. कार्ड खरं की खोटं हे आधी बघायला हवं होतं. मागच्या बाजूला एक रुपेरी पट्टी होती. पूर्वी मोबाइलच्या रिचार्जची कुपनं खरवडायचे, तशी त्याने ती नाण्याने खरवडली. खाली लांबलचक नंबर निघाला. पत्रा निघाला नाही, याचंच त्याला समाधान वाटलं. मग दोन्ही बाजूंचे फोटो काढून त्याने गावाच्या ग्रुपवर टाकले: ‘सापडले आहे. ज्याचे असेल त्याने ओळख पटवून न्यावे. आपला नम्र, भरत (माजी खजिनदार).’

“अवो, नंबर कशाला दाखवताय सगळ्यांना?”

“पारदर्शक कारभार म्हणत्यात याला.”

ग्रुपवर अंगठे आले, हात जोडले गेले. ‘गदाधारी भाऊ, घासून बघितलं का?’ असं एकाने विचारलं. ‘घासूनच टाकले आहे,’ असं भरतने गंभीरपणे कळवलं.

फोटो फिरत फिरत त्याच संध्याकाळी नारायणगावात पोचला. ठिबकच्या पाइपांचे व्यापारी अमृतलाल शेठ यांचा फोन आला.

“भरतभाऊ, ते आमच्या सूनबाईंचं कार्ड आहे हो. तिच्या भावानं पाठवलेलं. दोन दिवस शोधतेय बिचारी. उद्या मुलाला, कल्पेशला पाठवतो, देऊन टाका.”

“नाय नाय शेठ, असं कसं? रविवारी देवळात छोटासा कार्यक्रम ठेवलाय. सगळ्यांनी या.”

“कार्यक्रम कशाचा?”

“परत देण्याचा.”

 धंद्यात उधारी परत मिळवायला शेठनी पुष्कळ खटपटी केल्या होत्या, पण परत देणारा माणूसच अशी अट घालतो, हे नवीन होतं. भरतच्या शेतातले पाइप त्यांच्याच दुकानातले होते. गिऱ्हाइकाला नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती.

कार्यक्रमाची जबाबदारी पप्पूवर आली. पप्पू ग्रुपचा अॅडमिन. वाढदिवस, दहावा आणि सत्कार तो सारख्याच उत्साहाने उरकत असे.

“भाऊ, वर्गणी काढू?”

“येडा का खुळा तू? माझ्या नावानं वर्गणी म्हणलं की लोकांना गदा आठवंल. तूच बघ कायतरी.”

“बघतो. हाय एक सोय.”

“कसली?”

“तुमी नका टेन्शन घेऊ. फकस्त दाढी करून या.”

रविवारी देवळापुढे मांडव होता. कल्पेश आणि टीना पहिल्या रांगेत, हरवलेली वस्तू घ्यायला आलेली माणसं बसतात तशी नाही, तर लग्नाला उशिरा आलेल्या पाहुण्यांसारखी अवघडून बसली होती. यात्रा कमिटीचे अध्यक्ष धर्माजी यांनी भरतच्या खांद्यावर शाल टाकली. शाल जरीची होती. लोणीत आजवर कुणाला एवढी भारी शाल मिळाली नव्हती. निवृत्त हेडमास्तरांचंही टॉवेलवर भागवलं होतं. पाठोपाठ श्रीफळ आलं आणि वीतभर काचेची ट्रॉफी, तिच्यावर ‘प्रामाणिकपणाचा मानकरी’ असं कोरलेलं. भरतचे डोळे भरून आले. मागून कुणी ‘गदाधारी’ म्हणालं नाही. त्याने कार्ड टीनाच्या हातात ठेवलं आणि फोटोसाठी बराच वेळ सोडलं नाही.

“आता टीनाताई दोन शब्द बोलतील,” पप्पूने माइक पुढे केला.

टीना उठली, पण बोलायच्या आधी तिने मोबाइलवर नंबर टाकून बघितला. कारण पट्टी खरवडलेली होती आणि टीना व्यापाऱ्याच्या घरातली होती.

“भरतभाऊंचे आभार,” ती म्हणाली, “पण यात आता काहीच शिल्लक नाही.”

माइक चालू होता. सगळ्या मांडवाने ते ऐकलं आणि शेवटच्या रांगेतून आवाज आला, “घासलं वाटतं हे पण!”

“भरत,” धर्माजींनी विचारलं, “पट्टी कुणी खरवडली?”

“मीच. पण खरं का खोटं बघायला, आण्णा! देवाच्यान् सांगतो, मी एक रुपया...”

“गदेच्या टायमालाबी देवच व्हता.”

भरत घामाघूम झाला. जरीची शाल उकाड्यात फारच ऊब देत होती. तेव्हा पप्पू पुढे झाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर कसलाच अपराधी भाव नव्हता.

“अवो, भाऊंना कशाला बोलताय? मी वापरलं ते.”

“तू?”

“मग! भाऊंनी नंबर ग्रुपवर टाकला. ग्रुपवर टाकलं म्हंजी सगळ्यांचंच झालं ना? मला वाटलं, कार्यक्रमासाठीच टाकलाय. शाल न् ट्रॉफी त्यातनंच मागवली. नारळ तेवढा माझ्या पदरचा.”

टीनाने भरतच्या खांद्यांकडे पाहिलं. “दादा रोज विचारतोय, काय घेतलंस म्हणून,” ती कल्पेशला म्हणाली. कल्पेशने मान खाली घातली. तो हसू दाबत होता की काय, ते दिसलं नाही.

लगेच त्याच मांडवात कमिटीची बैठक झाली. धर्माजींचं म्हणणं असं पडलं की गावाकडून छदाम न घेता एवढा कार्यक्रम उभा करणारा माणूस लोणीने आजवर बघितला नाही. पप्पू बिनविरोध खजिनदार झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत भरतही होता, कारण न वाजवणं वाईट दिसलं असतं.

मग त्याने शाल काढली, घडी घातली आणि टीनाच्या हातात दिली. “ही तुमचीच, ताई.” ट्रॉफीही दिली. नारळ ठेवून घेतला.

गाडीत बसल्यावर कल्पेशने मोबाइलवर बघितलं, वस्तू दुकानाला परत करता येतात का. ट्रॉफीवर कोरलेलं असल्यामुळे तिचा प्रश्नच नव्हता. शालीवर रिटर्न नव्हता.