दरमाणशी सव्वाचार

आमच्या घरात माणसं चार आणि सिमकार्डं सतरा. हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग आमच्या ऐपतीचा अंदाज घेऊ लागतो. ऐपत कसली आलीय, अडचण होती ती. आमची वसाहत खोलगट जागेत आहे आणि तिन्ही बाजूंना उंच इमारती. एका कंपनीचा सिग्नल स्वयंपाकघराच्या खिडकीत यायचा. दुसरीचा गच्चीवर, तोही पाण्याच्या टाकीला पाठ टेकली तर. तिसरीचा न्हाणीघरात, दार लावून घेतलं तरच. आणि चौथीचा जिन्यात, खालून तिसऱ्या पायरीवर. तिथं मात्र आवाज असा यायचा की बोलणारा शेजारी बसलाय असं वाटावं. दुसऱ्या पायरीवर नुसती खरखर, चौथीवर काही नाही.

म्हणून प्रत्येकाकडे चारही कंपन्यांची कार्डं, धाकट्या भावोजींकडे कामासाठी आणखी एक. सगळ्यांत नीट व्यवस्था होती ती थोरल्या जाऊबाईंची. आम्ही त्यांना ताई म्हणतो. थोरले दीर गेल्यापासून त्या घरीच शिवणकाम करतात, पडदे, अभ्रे, शाळेचे गणवेश. दोन फोन, प्रत्येकात दोन कार्डं, आणि दोन्ही फोन गळ्यातल्या कापडी पिशवीत. पिशवी अर्थातच स्वतः शिवलेली, आतून अस्तर लावून.

त्यांची एकुलती लेक परदेशात नर्स आहे. तिला चारही नंबर पाठ. सकाळी ती खिडकीचा नंबर लावायची, आई ओट्यापाशी असणार म्हणून. कपडे वाळत घालायच्या वेळी गच्चीचा. समुद्रापलीकडे बसून तिला आई घरात कुठं उभी आहे ते कळायचं. न्हाणीघराचा नंबर मात्र ती लावायची नाही. "आईला निदान तिथं तरी निवांत असू दे," म्हणायची.

लेकीला दिवस गेले आणि ताईंचा जीव त्या पिशवीत जाऊन बसला. कागदपत्रं वेळेत झाली नाहीत, जाणं जमणार नव्हतं. मग त्यांनी एकच मागितलं. "बाळ रडलं की तो आवाज मला ऐकव. फोटो नंतर पाठव, वजन नंतर सांग. आधी रडणं." लेकीनं कबूल केलं.

आता धाकट्या भावोजींबद्दल. त्यांना वसाहतीत सगळे 'टक्के' म्हणतात, कारण ते साधं 'भूक लागली' असंही म्हणत नाहीत, 'भुकेत वाढ दिसतेय' म्हणतात. ते एका मोठ्या संस्थेसाठी दरवर्षी जाडजूड अहवाल लिहितात, जगभरातल्या मोबाइल जाळ्यांची बाजारपेठ, तिची वाढ आणि कल. मागच्या खोलीत बसून सगळ्या जगाचा अंदाज बांधतात आणि तो पाठवायला गच्चीवर जाऊन टाकीला पाठ टेकतात.

लेकीला सातवा महिना लागला तेव्हा ताईंनी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या आणि वसाहतीत मोबाइलचा मनोरा उभारावा असा अर्ज चारही कंपन्यांना धाडला. तीन कंपन्यांनी उत्तरच दिलं नाही. चौथीचं पत्र आलं. ते ताईंनी शिलाई मशीनवर ठेवून मोठ्यानं वाचलं.

"आपल्या वसाहतीत दरमाणशी सव्वाचार जोडण्या असून बाजारपेठ तृप्त आहे. सबब नव्या मनोऱ्याची आवश्यकता नाही. आधार, जागतिक अहवाल, पान दोनशे बारा." त्यांनी चष्मा काढला. "भावोजी, तृप्त म्हणजे?"

"म्हणजे पोट भरलंय, वहिनी. आणखी वाढायला जागा नाही."

"कुणाचं पोट?"

"बाजाराचं."

"आणि हे पान दोनशे बारा कुणी लिहिलं?"

भावोजी चहाच्या कपात बघू लागले. आमचे हे म्हणाले, "बोल की. कपात उत्तर नाहीये."

मग हळूहळू बाहेर आलं. संस्थेनं त्यांना वसाहतीतल्या चारशे माणसांची पाहणी करायला सांगितली होती. त्या आठवड्यात त्यांचा पाय मुरगळला होता. मग त्यांनी घरातल्या चौघांना विचारलं आणि शंभरनं गुणलं. चार माणसं, सतरा कार्डं, दरमाणशी सव्वाचार. म्हणजे त्या जागतिक अहवालाच्या एका अख्ख्या प्रकरणात मी, ताई, हे आणि भावोजी असे चौघंच होतो, शंभर वेळा.

"पण आकडा चुकलेला नाही," भावोजी म्हणाले. "सगळ्या घरांत हेच आहे."

"सिग्नल येत नाही म्हणून चार-चार कार्डं घेतली," ताई म्हणाल्या, "आणि चार-चार कार्डं आहेत म्हणून सिग्नल देत नाहीत. असंच ना?"

"अगदी थोडक्यात सांगायचं तर, हो."

"मग कमी करू."

"वहिनी, बाजार असा घरबसल्या कमी करता येत नाही."

"शिवलेलं उसवता येतं. किती जोडण्या असल्या की तुमचं ते पोट भरत नाही?"

"दरमाणशी दोन झाल्या की तृप्त धरतात. दोनच्या आत असलं की अहवालात 'वाढीला वाव' असं लिहितात. तिथं कंपन्या धावत येतात."

हे म्हणाले, "मग लिही की दीड. आधीचं तरी कुठं खरं मोजलं होतंस?"

इथं मी तोंड उघडलं, आणि पुढं किती तरी दिवस त्याची मला बोच लागून राहिली. मी म्हटलं, "खोटं नको. कार्डं बंद करायची तर खरोखर बंद करू आणि भावोजी या वेळी दारोदार जाऊन मोजतील." ताईंनी पिशवीवर हात ठेवला. त्यांच्या चारातली तीन जाणार होती. मग म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. जिन्याचं ठेवते."

त्या संध्याकाळी ताई पुन्हा घरोघर फिरल्या आणि सिमकार्डच्या दुकानात दुसऱ्या दिवसापासून वसाहतीतल्या बायकांची रांग लागली. दुकानदार बिचारा गांगरला, त्यानं जन्मभर कार्डं विकली होती, परत कधी घेतली नव्हती. बंद करायच्या अर्जावर कारण लिहायचं होतं आणि कारणं तीनच छापलेली, स्थलांतर, मृत्यू, इतर.

"घरात येत नाही, हे कुठं लिहू?" ताईंनी विचारलं.

"तसा रकाना नाही हो. 'इतर' करा. पण मग तुमचं मन वळवायला कंपनीचे फोन येत राहतील."

"आणि मृत्यू केलं तर?"

"तर नाही येत."

झालं. वसाहतीतल्या बायकांनी पटापट मृत्यूवर खूण केली आणि भाजी घेऊन घरी गेल्या. माझा हात धजेना. मी 'इतर' केलं आणि अकरा दिवस एक गोड आवाज माझं मन वळवत राहिला. सकाळचा अर्धा तास मी कुणाशी बोलत नाही, देवापाशी बसते. नेमका तेव्हाच तो यायचा.

सगळ्यांनी जिन्याचीच कंपनी ठेवली होती, कारण सगळ्यांचे जिने सारखेच. हे आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. वीस जिन्यांच्या तिसऱ्या पायऱ्यांवर माणसं बसू लागली. आमच्या पायरीवर सकाळी दूधवाला, दुपारी ताई, संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे गाडी शिकवणारे काका, असे पाळीनं. आणि एवढी सगळी माणसं एकाच जाळ्यात शिरल्यावर ते जाळं दमलं. फोन लागायचा आणि तुटायचा. 'सर्व मार्ग व्यस्त आहेत' हे वाक्य पोरंसोरंही खेळात म्हणू लागली.

ताई मला काही बोलल्या नाहीत. फक्त त्यांचं स्टूल जिन्याखाली आलं आणि गणवेशांना काजं करायचं हातकाम त्या तिथंच करू लागल्या. त्यांचं ते न बोलणंच मला जड जात होतं.

एका मंगळवारी सकाळी दहा वाजता त्यांचा फोन वाजला. आम्ही सगळे धावलो. जावई. "आई, नेलंय तिला आत, आता थोड्याच..." आणि तुटला.

पाच मिनिटांनी पुन्हा. "आई, झा..." तुटला.

"झा काय? झालं की झालेलं नाही?" हे म्हणाले.

"झालेलं नाही सांगायला कुणी फोन करतं का?" ताईंचा आवाज चिरला. तिसऱ्यांदा वाजला, त्यांनी उचलला, आत नुसती खरखर. बाळ नुकतंच जगात आलं होतं आणि त्याचं पहिलं रडणं कुठल्या तरी व्यस्त मार्गात अडकून पडलं होतं.

ताई उठल्या. शेजारच्या जिन्यात काका फोनवर बहिणीशी जुन्या फ्रिजबद्दल बोलत बसले होते, कारण आमची पायरी त्या दिवशी ताईंची होती.

"काका, ठेवा तो फोन."

"अहो, एवढं बर्फाचं सांगतो आणि..."

"बर्फ थांबेल. माझं नातवंड रडतंय."

काकांनी नुसता ठेवला नाही, बंद केला. आणि मग स्वतःच ओरडत सुटले, "फोन बंद करा! सगळ्यांनी! पाव तास!" मी डाव्या बाजूच्या इमारती घेतल्या, ह्यांनी उजव्या. भावोजी मुरगळून बऱ्या झालेल्या पायानं सगळ्यांत पुढं. आयुष्यात पहिल्यांदाच ते खरोखर दारोदार फिरत होते. कुणी कारण विचारलं नाही. ताईंची लेक म्हटल्यावर पुरे झालं. कुणाचं बँकेचं काम अडलं, एकीची फोनवर मुलाखत चालू होती, तिनंही "दोन मिनिटांत येते" म्हणून बंद केला.

वसाहत गप्प झाली. मी आमच्या जिन्याशी परतले आणि कठड्याला धरून उभी राहिले. माझे ओठ आपोआप हलत होते.

फोन वाजला.

ताईंनी कानाला लावला. जावई काही बोललाच नाही, त्यानं फोन सरळ बाळापुढं धरला असावा. कारण मी तीन हात लांब असूनही ऐकलं. बारीक, संतापलेलं, दम घेऊन पुन्हा सुरू होणारं रडणं. तिसऱ्या पायरीवर ते इतकं स्वच्छ येत होतं की ताईंनी मांडी थोडी सावरली, जणू कुणी बाळ ठेवायला आणलंय.

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "नाक कुणावर गेलंय?" मग माझ्याकडे वळून, "मुलगी आहे. ये, तूही ऐक." मी पायरीवर त्यांना खेटून बसले. त्या दिवसापासून माझी बोच गेली.

इथं आमच्यापुरती गोष्ट संपायला हवी होती. पण तो पाव तास कंपन्यांच्या पडद्यांवर उमटला होता. एक अख्खी वसाहत एकाच क्षणी नाहीशी झाली होती. त्यात महिन्याभरात तिथले सातशेवर ग्राहक मृत, आणि उरलेले एकाएकी मूक. संस्थेच्या मोठ्या साहेबांनी भावोजींना विचारलं, "हा काय प्रकार आहे?" भावोजींनी खरं ते सांगितलं, की वहिनींना नात झाली. साहेबांना ते पटलं नाही. त्यांनी स्वतःच प्रकरण लिहिलं, 'मौनाकडे वाढता कल'. जगभरात ग्राहक बोलण्याला कंटाळले असून येत्या दहा वर्षांत शांततेची बाजारपेठ चौपट होईल, असं त्यात होतं. एका कंपनीनं लगेच योजनाही काढली. दरमहा वर्गणी भरा, आम्ही तुम्हाला फोन येऊ देणार नाही.

"ते तर आधीपासून देतच होते," ताई म्हणाल्या. "फुकट."

भावोजींनी त्याच आठवड्यात दारोदार जाऊन मोजलेला आकडा मात्र सरळ होता, दरमाणशी एक. त्यापुढे 'वाढीला भरपूर वाव'. आठव्या दिवशी वसाहतीच्या फाटकाशी चाकांवरचा मनोरा येऊन उभा राहिला. नवीच कंपनी, पाचवी. दांडा वर गेला आणि घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात सिग्नल भरला. टापटीप सदऱ्यातला विक्रेता घरोघर फिरून माणशी एक कार्ड फुकट देऊ लागला.

आमच्या दारात आला तेव्हा भावोजी मागच्या खोलीतून घाईनं बाहेर आले आणि ताईंच्या कानाशी कुजबुजले, "वहिनी, चौघांची चार आहेत. आणखी चार घेतली की आठ. दरमाणशी दोन. म्हणजे तृप्त. पुढच्या महिन्यात मनोरा गेला म्हणून समजा."

विक्रेत्यानं वही उघडली. "घरात माणसं किती?"

ताईंनी तोंडातली टाचणी काढून उशीत खोचली. "पाच."

"पाचवं कोण?"

"नात. परदेशात असते. आठ दिवसांची आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलत नाही, हे त्याला कुणी तरी सांगितलं असावं. मी म्हटलं, "हो, आमच्याच घरातली आहे." यात खोटं काय होतं?

त्यानं पाच लिहिलं, पाच कार्डं मोजून दिली. भावोजींनी बोटांवर हिशेब केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "नऊ भागिले पाच, एक पूर्णांक आठ! दोनच्या आत!"

ताई तोवर सज्जात गेल्या होत्या. खाली वाकून समोरच्या इमारतीला हाक मारून सांगत होत्या, "अगं, ज्यांची ज्यांची लांब आहेत ना, ती सगळी धरा! पोटातलीसुद्धा!"