खाली घेण्याआधी

गोठ्याच्या भिंतीला टेकवून उभी ठेवलेली, एका बाजूनं दोरी सुटलेली जी जुनी बाज तुम्हाला दिसते ना, मित्रांनो, ती मी. सध्या माझ्यावर कोंबड्या बसतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या हलक्या असतात आणि पाठ दुखते म्हणून रात्रभर कण्हत नाहीत. पण एकेकाळी घाटंजीपासून चार कोसांवरच्या आमच्या बंजारा तांड्यात माझ्याशिवाय पान हलत नसे, असं म्हटलं तर तुम्हाला खोटं वाटेल. म्हणून पहिल्यापासून सांगते.

माझा जन्म १९५६ सालचा. त्याच वर्षी आपला यवतमाळ जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला. लोक त्याबद्दल पारावर बसून फार बोलत. मला मात्र किसनराव सुताराच्या रंध्याखेरीज जगाची काही ओळख नव्हती. किसनराव बोलायला कमी आणि लाकूड पारखायला कडक. त्यांनी बाभळीचं लाकूड वर्षभर सावलीत वाळवलं, माझे चार पाय तासले, भोकं पाडून त्यांत चार दांडे ठोकून बसवले आणि अंबाडीच्या दोरीनं मला घट्ट विणलं. घाटंजीच्या बाजारात हरिसिंग नावाचा एक तरणा शेतकरी आला. तो माझ्यावर धपकन बसला आणि म्हणाला, "माह्या बाच्या वजनाले टिकन काय?"

"तुह्या बाच्याच काय, तुह्या बैलाच्याही टिकन," किसनराव म्हणाले. मी त्याच दिवशी बैलगाडीतून तांड्यावर गेले.

हरिसिंगचा बाप डोंगरसिंग. त्याचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडत. त्या काफिल्याला तांड्यात लदेणी म्हणतात. रेल्वे आली आणि लदेणी बसली. डोंगरसिंगनं अगदी लहानपणी शेवटची लदेणी पाहिली होती. आता त्याच्याकडे कापसाचं आणि तुरीचं रान होतं, पण बोलणं निघालं की ते बैलांवरच यायचं. त्याची बायको गंगी म्हणायची, "लदेणी जाऊन जनम झाला, पन यायच्या डोक्यातली घंटी काई थांबत नाई."

रात्री मी डोंगरसिंगची असे आणि दिवसा साऱ्या तांड्याची. तांड्यापासून सडक दोन मैल लांब आणि मध्ये नाला. कुणी आजारी पडलं की माझ्या दोन्ही अंगांना बांबू बांधायचे, चौघांनी खांद्यावर घ्यायचं आणि सडकेपर्यंत पळायचं. अडलेल्या बाळंतिणी मी नेल्या, साप चावलेला एक गडीही नेला. बहुतेक जण पायी चालत परत आले. लोक म्हणत, हरिसिंगच्या बाजेचा पायगुण चांगला आहे. मला चार पाय असल्यामुळे तो गुण मी चौपट धरत असे.

पण एकदा माझा उपयोग उशिरा झाला. १९५९ साली एका सकाळी गंगी जात्यावर बसली होती. एकाएकी तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं, उजवा हात लुळा पडला आणि बोलायला गेली तर शब्दांचा नुसता काला. शेजारणी म्हणाल्या, वारं लागलं, वय झालं. तेल चोळलं. ताकद यावी म्हणून घरचे लोक चमच्यानं कोमट दूध तोंडात घालत राहिले. तिला गिळता येत नव्हतं, ठसका लागत होता, तरी घालत राहिले. चौथ्या दिवशी छाती घरघरू लागली, तेव्हा मला बांबू बांधले. घाटंजीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "तोंड वाकडं झालं त्याच दिवशी आणायचं होतं. अन् ज्याले गिळता येत नाही त्याच्या तोंडात काही घालायचं नसते. दूध पोटात गेलंच नाही, छातीत गेलं." गंगी परत आली नाही. डॉक्टरांचं बोलणं हरिसिंगची बायको रुपीबाई दाराआड घुंगट ओढून ऐकत होती. त्या घरात सुनेनं सासऱ्याला शिवायचं नाही आणि मोठ्या माणसांपुढं तोंड उघडायचं नाही अशी रीत होती. तिनं ऐकलं आणि मनात ठेवलं.

आता १९६३ सालचा मे महिना सांगते.

तेंदूपत्त्याचा हंगाम होता. तांडा पहाटे जंगलात जाऊन पानं तोडी आणि मग मोकळ्या पटांगणात बसून त्यांचे पुडे बांधी. डोंगरसिंगची सत्तरी उलटली होती. हरिसिंग त्याला म्हणाला, "बा, तू घरी राय." पण घरी बसणं त्या माणसाच्या रक्तात नव्हतं. सकाळपासून तो उन्हात बसून पुडे बांधत होता. पाणी पी म्हटलं की म्हणायचा, "तहान कोठी लागली मले?" म्हाताऱ्या माणसाच्या अंगातलं पाणी आटलं तरी त्याला तहान कळत नाही, हे मला पुढं समजलं.

दुपारी तो भिंत धरत धरत घरी आला. डोकं दुखतं म्हणाला, ओकला आणि माझ्यावर पडला. त्याची पाठ मला रोजची ठाऊक. उन्हाळ्यात तिचा घाम माझ्या दोरीत मुरायचा. त्या दिवशी ती पाठ तव्यासारखी तापली होती आणि तिच्यावर घामाचा थेंब नव्हता. मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडले असते.

थोड्या वेळानं तो बरळू लागला. "गोणी भरा... लदेणी निघाली... म्होरचा बैल कोठी गेला?" हरिसिंगनं हाक मारली, तर तो पोटच्या पोराला ओळखेना. तांड्याचा नायक धरमसिंग आला. तो भला माणूस, आणि त्याच्या शब्दाला मान होता. त्यानं कान देऊन ते बोलणं ऐकलं आणि डोळे मिटले. "लदेणीतले लोक त्याले न्यायले आले. जुनं मानूस हाय, वय झालं. खाली घ्या."

खाली घ्या, म्हणजे काय ते सांगते. बाजेवर जीव गेला तर तो दोरीच्या विणीत अडकतो, ना धड धरतीवर ना आभाळात, अशी जुन्या लोकांची समजूत. म्हणून शेवट जवळ आला की माणसाला बाजेवरून उतरवून सारवलेल्या जमिनीवर ठेवतात. चौघांनी डोंगरसिंगला उचललं. खांद्याकडून हरिसिंगनं धरलं होतं. हातपाय थरथरत होते म्हणून वरून जाड कांबळ घातलं. दार माणसांनी भरलं आणि वारा बंद झाला. मला बाहेर काढून अंगणातल्या निंबाखाली टाकलं. मी पुष्कळदा रिकामी झाले होते, पण इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. त्या कांबळाखाली माझा म्हातारा शिजत होता.

हरिसिंगनं शेवटचं पाणी पाजायला तांब्या उचलला. तेवढ्यात रुपीबाई पुढं आली. गिळता येत नाही त्याच्या तोंडात काही घालायचं नाही, हे तिनं मनात ठेवलं होतं. तिनं नवऱ्याच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि तो तसाच हातात धरून घराबाहेर पळाली. बायका म्हणाल्या, पोरीचं डोकं फिरलं.

शेजारच्या गावात त्या दिवशी नर्सबाई आल्या होत्या, विमलताई. देवीची लस टोचायला त्या गावोगाव पायी फिरत. घटकाभरात पाय भाजत रुपीबाई त्यांना घेऊन आली. विमलताईंनी कुणाला काही विचारलं नाही. माणसं बाजूला सारली, कांबळ ओढून फेकलं, काखेत थर्मामीटर धरला आणि मनगट हातात घेतलं.

"एकशे सहा! नाडी चालून राह्यली, श्वास चालून राह्यला, अन् तुम्ही मानूस खाली घेतला? ऊन लागलं हाय त्याले. उचला, सावलीत न्या, बाजेवर ठेवा."

धरमसिंग नायक उठून उभा राहिला. "बाई, एक डाव खाली घेतलेला मानूस परत बाजेवर चढत नाई. साऱ्या तांड्यावर येईन ते."

कुणी हललं नाही. विमलताई नायकाशी वाद घालत बसल्या नाहीत. त्या हरिसिंगकडे वळल्या.

"हरिसिंगभाऊ, उन्हानं बैल पडला त काय करता?"

"सावलीत घेतो. आंगावर पानी टाकतो."

"कांबळ टाकता काय त्याच्यावर?"

"नाई."

"अन् बैल बुढा असला त?"

हरिसिंगनं वर पाहिलं. "बुढा असला तरी पानीच टाकतो, बाई."

"मंग बापाले काहून नाई?"

हरिसिंगनं वाकून एकट्यानंच बापाला दोन्ही हातांवर उचललं आणि अंगणात आणून माझ्यावर ठेवलं. नायकाकडे त्यानं पाहिलंही नाही. जन्मात पहिल्यांदाच तो नायकाच्या शब्दाबाहेर गेला असेल.

विमलताईंनी म्हाताऱ्याला कुशीवर वळवलं, उलटी झाली तर ती घशात जाऊ नये म्हणून. अंगरखा काढला. पाणी तोंडात नाही, अंगावर टाकायचं, असं त्यांनी बजावलं. पण मे महिन्यात पाणी आणायचं कुठून? विहिरीच्या तळाला चिखल होता. तेव्हा रुपीबाईनं घरातली पिण्याची घागर आणून ओतली. मग शेजारीण आपली घागर घेऊन आली, आणि मग एकेक करत सगळ्याच आल्या. मान, काखा, जांघा यांवर ओली फडकी ठेवली. रुपीबाई घुंगट सावरत सासऱ्याला सुपानं वारा घालू लागली आणि कुणी तिला अडवलं नाही. पाणी अंगावरून माझ्या विणीतून खाली गळे आणि खालून वारा वर येई. गादीवर किंवा भुईवर हे जमलं नसतं. मला त्या दिवशी माझ्या भोकांचा अभिमान वाटला.

दोन तास असं चाललं. पाठ हळूहळू निवत गेली, ते सगळ्यांच्या आधी मला कळलं. मग डोंगरसिंगनं डोळे उघडले, ओलं अंगण पाहिलं, रिकाम्या घागरी पाहिल्या आणि तो चिडला.

"पानी कायले सांडून राह्यले रे? पावसाले महिना हाय अजून!"

सगळे हसले. हरिसिंग मात्र माझा दांडा धरून लहान मुलासारखा रडला.

म्हातारा नीट बोलतो आणि गिळतो हे पाहिल्यावरच विमलताईंनी त्याला मीठ-गुळाचं पाणी घोट घोट दिलं. "बरा दिसते म्हून घरी ठेवायचा नाही," त्या म्हणाल्या. पुन्हा मला बांबू बांधले. एका बांबूचं पुढचं टोक धरमसिंग नायकानं आपल्या खांद्यावर घेतला. तीन दिवस दवाखान्यात राहून डोंगरसिंग परत आला.

नंतर विमलताईंनी सारा तांडा निंबाखाली बसवला. त्या म्हणाल्या, "मानूस काल नीट बोलत होता अन् आज बरळते, त ते वय नाही, आजार हाय. वय काही एका दिवसात होत नाही. तोंड वाकडं झालं, छाती दाबल्यासारखी झाली, दम लागून घाम फुटला, पडल्यावर उठता आलं नाही, त मले बोलवा नाही त दवाखान्यात न्या. दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका." बायकांनी ते पाठ केलं. पुढच्या वर्षांत मी छातीत कळ आलेले दोन म्हातारे आणि कंबर मोडलेली एक म्हातारी नेली. त्यांतला एक वाचला नाही. पण तिघांनाही त्याच दिवशी नेलं होतं.

डोंगरसिंग त्यानंतर पाच वर्षं जगला. हरिसिंगच्या मनातून मात्र ते खाली घेणं जाईना. बाप जरा खोकला तरी तो शेतातून धावत येई. १९६८ च्या थंडीत म्हातारा खरोखरच उतरत गेला. डॉक्टर पाहून गेले, विमलताई दर आठवड्याला येत. शेवटी त्या म्हणाल्या, "आता औषधाचं काम संपलं, हरिसिंगभाऊ. आता जवळ बसा." रीतीप्रमाणे खाली घ्यायची वेळ आली. पण हरिसिंग उठेना.

"एक डाव चुकलो," तो म्हणाला. "मी नाई घेणार."

सकाळपासून दुपारपर्यंत तो माझा दांडा धरून बसून राहिला. दुपारी डोंगरसिंगनं डोळे उघडले. नजर स्वच्छ होती. त्यानं मुलाच्या हातावर हात ठेवला.

"किती वेळ धरून बसशीन, हरी? मी होशात हाव. माहं वय झालं आता. घे खाली."

हरिसिंगनं त्याला खांद्याकडून धरून खाली घेतलं, मांडीवर डोकं घेतलं आणि तिन्हीसांजेपर्यंत त्याच्याशी बैलांच्या गोष्टी बोलत राहिला.

पुढं त्या घरात लोखंडी पलंग आला आणि मी इथं भिंतीशी आले. मित्रांनो, माझी दोरी आवळली नाहीत तरी माझं काही म्हणणं नाही. पण तुमच्या घरातलं म्हातारं माणूस एकाएकी बदललं, तर लांबून पाहत उभे राहू नका. जवळ जा, नाव घेऊन हाक मारा, अंगाला हात लावून पाहा आणि मोठ्यांना सांगून त्याला लगेच डॉक्टरकडे न्यायला लावा. 'वय झालं' असं तुम्ही म्हणायचं नाही. ते त्यांनी स्वतः म्हणायचं असतं, आणि तेव्हा त्यांच्याजवळ बसायचं असतं.