खंडेनवमीची किल्ली

खंडेनवमीच्या सकाळी मृण्मयीने आजीची किल्ली धुतली. आपण काय करून बसलो हे तिला दुपारी जेवताना कळलं.

ही किल्ली कुलपाची नव्हती. आजीच्या जुन्या संगणकाच्या पाठीमागे अंगठ्याच्या पेराएवढा एक काळा तुकडा खोचलेला असे. त्यात एक बारीक लाल दिवा होता. तो दिवा लागला, तरच आजीचं नक्षी काढायचं सॉफ्टवेअर उघडे. आजीने, म्हणजे चारुलताबाईंनी, भरतकामाचं यंत्र घेतलं तेव्हाच ते सॉफ्टवेअरही विकत घेतलं होतं. मृण्मयीचे बाबा तेव्हा कॉलेजात होते. एकदा घेतलं ते कायमचं. इंटरनेट नको, महिन्याचं भाडं नको. मलकपेठेतल्या त्या घराच्या पुढच्या खोलीत यंत्र खडखडत राही आणि ब्लाउजांच्या बाह्यांवर आजीचे मोर, कैऱ्या, कमळं उमटत. मात्र ते सॉफ्टवेअर करणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. दुसरी किल्ली आता कुठेच मिळत नव्हती.

दसऱ्याच्या सुट्टीत मृण्मयी आजीकडे राहायला आली होती. आजी स्वयंपाकघरात पुरण वाटत होती. तिने आतूनच सांगितलं, "मृणू, पूजेला अवजारं तू मांड यंदा. धुऊन, पुसून, पाटावर. चौथीत गेलीस ना आता!"

मृण्मयीने सगळं नीट केलं. कात्र्या धुतल्या, बॉबिनं पुसली, टेप गुंडाळून ठेवली. संगणक धुवायचा नसतो एवढं तिला कळत होतं, म्हणून त्याच्यावरून कोरडं फडकं फिरवलं. तेव्हा तिला मागची किल्ली दिसली. "ही आहे म्हणून माझं सगळं आहे," असं आजी नेहमी म्हणायची. मग सगळ्यात मोठं अवजार हेच! तिने किल्ली उपसली, कात्र्यांबरोबर पाण्यात बुडवली, तिच्या तोंडातली धूळ बोटाने चोळून काढली, ओलं हळदकुंकू लावलं आणि पाटाच्या मधोमध ठेवून वर झेंडूचं फूल वाहिलं.

आजी आली, नैवेद्य दाखवला, हात जोडले. फुलाखाली काय आहे ते तिला दिसलं नाही. "आज अवजारांना विश्रांती," ती म्हणाली. "उद्या उत्तरपूजा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

जेवायला बाबा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या घरून, कुकटपल्लीहून, आले. त्यांचं नाव हर्षवर्धन. ते एका कंपनीत संगणकाचंच काम करत. दुसरी पोळी वाढून घेताना ते म्हणाले, "आई, आमच्या ऑफिसात एकाच्या पेनड्राइव्हवर चहा सांडला. मेला जागच्या जागी! दोन वर्षांचं काम गेलं. तुझी किल्लीपण तसलीच. कधी तिच्यावर तांब्या कलंडला तर?"

मृण्मयीचा घास तोंडातच राहिला.

"कैकू डरातोस सणाच्या दिवशी?" आजी हसली.

"डरात नाही, समजावतोय. नवीन सॉफ्टवेअर घे. महिन्याचं भाडं मी भरतो. किल्ली नको, काही नको."

"आणि तू भरायचा विसरलास, की ते मला दाराबाहेर काढणार. माझी नक्षी आत, मी बाहेर. शिवाय माझी जुनी नक्षी त्यात उघडतच नाही, तूच पाहिलंस ना मागे?"

"आणि आता काय आहे? घर स्वतःचं, पण किल्ली एकच. ती गेली तर?"

"गेली तर दुकान बंद." आजीने त्यांच्या पोळीवर तूप सोडलं. "येईन तुझ्या चौदाव्या मजल्यावर, गॅलरीतली कबुतरं हाकत बसेन. खूश?"

बाबा हसले. मृण्मयीला हसू आलं नाही.

बाबा गेले आणि आजी आत आडवी झाली, तशी ती हळूच पुढच्या खोलीत गेली. झेंडूचं फूल उचलून तिने किल्ली कानाशी नेऊन हलवली. तोंडातून पिवळसर पाण्याचा थेंब तिच्या मनगटावर पडला. यंत्र मुकाट उभं होतं. ते असं कायमचंच मुकाट राहिलं तर? आजी बिनयंत्राची कशी दिसेल, हे तिला डोळ्यांसमोर आणता येईना.

एकदा लावून बघावं. दिवा लागला, तर कुणाला सांगायचीही गरज नाही. तिने किल्ली खाचेपाशी नेली. दुसरा हात संगणकाच्या बटणावर होता. मग उत्तरपूजेचं आठवलं आणि तिने हात मागे घेतला. एक चूक झालीच होती, आता देवालाही राग आणायचा? तिने किल्ली परत पाटावर ठेवली.

संध्याकाळी शेजारच्या बायका बतकम्माच्या, त्यांच्या फुलांच्या सणाच्या, गप्पा मारत जिन्यावरून उतरल्या. आजी म्हणाली, "दुपारपासून तोंड का एवढंसं? पोट दुखतंय?"

"आजी, मी किल्ली धुतली."

आजीला आधी कळलंच नाही. मग ती पाटाकडे गेली, फूल बाजूला केलं आणि यंत्राच्या स्टुलावर बसली. आजी घाबरते, हे मृण्मयीला माहीत नव्हतं. आता तिने पाहिलं. आजीचे ओठ पांढरे पडले होते, आणि ती किल्लीकडे न बघता भिंतीवरच्या नमुन्यांकडे बघत होती.

"ओरड ना गं," मृण्मयी रडत म्हणाली.

"ओरडून वाळेल का ती?" आजीने तिला जवळ ओढलं. "रडू नको, नीट सांग. साबण लावलास?"

"नाही."

"धुतल्यावर लावून पाहिलीस?"

"लावणार होते. पण तू म्हणालीस, उत्तरपूजेपर्यंत हात लावायचा नाही."

आजीने डोळे मिटले. "लावली असतीस तर आत्ताच संपलं असतं, बाळा. ओल्या अंगात वीज गेली की आतून जळतं. नुसतं भिजलेलं कधीकधी वाळतं. कधीकधी नाही. मला खोटं सांगता येणार नाही."

तिने कापसाने किल्लीचं तोंड टिपलं, दोऱ्याने बांधून ती पंख्यासमोर टांगली. फोनवर बाबा म्हणाले, "तांदळात ठेव." आजी म्हणाली, "नक्को. तांदळाची पूड आत जाईल." किल्ली दोऱ्यावर गोल गोल फिरत राहिली. दोघी जेवल्या, पण काय जेवल्या ते कुणालाच आठवलं नसतं.

दसऱ्याच्या सकाळी आजीने उत्तरपूजा केली, किल्लीचा दोरा सोडला आणि ती मृण्मयीच्या हातात दिली.

"मी नाही लावणार!"

"तूच लाव. भीती वाटते म्हणून मागे सरलीस, तर उद्या कात्रीलाही भिशील. सरळ धर. जोर नको."

किल्ली आत गेली. आजीने बटण दाबलं. संगणक नेहमीसारखाच कुरकुरत जागा झाला. दिवा लागला नाही. आजीने मृण्मयीच्या खांद्यावर ठेवलेला हात घट्ट झाला, इतका की दुखायला लागलं. दिवा एकदा लुकलुकला आणि विझला.

"गेली," मृण्मयी कुजबुजली.

मग तो लागला. पडद्यावर कमळाचं चित्र आलं, आणि सॉफ्टवेअर उघडलं.

मृण्मयीने टाळी वाजवली. आजी हसली नाही. तिने पदराने कपाळ पुसलं आणि लगेच माउस धरला.

"आता हे बंद करायचं नाही. एकेक नक्षी उघडायची, यंत्राला किल्लीशिवाय थेट वाचता येईल अशी दुसरीकडे ठेवायची, आणि बटर पेपरवर छापायची. लाकडी चौकटीवर हाताने भरणारे मग्गमवाले ठेवतात ना, तशी."

फोनवर बाबांनी विचारलं, "म्हणजे भाड्याचं नकोच ना?"

"नको. पण ही माझी आहे म्हणून मी निर्धास्त होते, ते चुकलंच. चल, ठेव. मला वेळ नाही."

मृण्मयी नावं वाचू लागली. तिच्या शाळेत मराठी नव्हती, त्यामुळे मराठी अक्षरं ती अजून जोडून जोडून वाचायची. "मो-र. जोड-मोर. कै-री." आजी उघडत होती, ठेवत होती, छापत होती. दसऱ्याचं सोनं म्हणून जम्मीची, म्हणजे शमीची, पानं द्यायला कुणीतरी दार वाजवलं. आजी उठली नाही.

"कम-ळ," मृण्मयीने वाचलं, आणि दिवा पुन्हा लुकलुकला.

आजीचं बोट माउसवर तसंच राहिलं.

दिवा स्थिर झाला.

"पुढचं," आजी म्हणाली. "लवकर वाच."