पाच तंतूंचं झाड

माझं डोकं तवापासून गरगरतंय बघा. जन्मात एखाद्या झाडाचं एवढं केलं न्हाई, आन झालं ते भलतंच.

माझा पोरगा परमेश्वर फौजेत हाय, पार हिमालयाच्या अंगाला. गेल्या सुट्टीला त्यानं तिकडच्या फुलझाडांची दोन रोपं आणली. रेल्वेत पानं सगळी झडून गेलती, हातात नुसत्या दोन काड्या. म्हणला, "आई, एक अझेलिया हाय, ते तुझं. दुसरं बुरांस, ते बबिताचं." बबिता म्हणजे माझी सून.

"आन कोणतं कोणतं, रं?"

तो डोकं खाजवायला लागला. बांधलेल्या चिठ्ठ्या वाटंतच गळाल्या व्हत्या. "फूल आलं की आतले तंतू मोज. पाच असले तर अझेलिया, दहा असले तर बुरांस. सावलीत ठिवा. आंबट माती लागती, राख-चुना घालू नका. आन शेळ्यांना तोंड लावू देऊ नका, इखारी पानं हायेत."

आता बोला! शेळ्या राखणाऱ्याच्या घरात शेळीला मारणारं झाड, आन फूल येईस्तोवर ते कुणाचं हाय ते बी कळायचं न्हाई!

तो गेल्यावर मीच निकाल लावला. जाड खोडाचं ते माझं. आईचं झाड थोरलंच असणार की! बारकं बबीला दिलं. माझ्याला मी रोज चुलीतली राख घालायची. मिरची म्हणू नका, दोडका म्हणू नका, आमच्या धर्मापुरीकडं राखंबिगर काय येतंय? पोराला बंदूक कळती, माती न्हाई.

बबी मातर नवऱ्याचा शब्द झेलायची. चहाचा चोथा धुऊन घालायची, आंबट ताकाचं पाणी घालायची. एकदा म्हणली, "आत्या, राख नको म्हणलेत ते."

"तू तुझं बघ," म्हणलं मी.

खरं सांगू का? लगीन झाल्यापासून त्याचा फोन आधी बबीला येतो. मी दुस्वास करत न्हाई, पर आईला बी जीव हाय ना! तो येईल तवा आईचं झाड आधी फुललेलं दिसावं, एवढंच मला पायजे व्हतं.

पर माझ्या झाडाची पानं पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या आन मधलं सगळं पिवळं. मी अजून राख घातली. अजून पिवळं. कावून? पाणी लई झालं का कमी पडलं? दिष्ट लागली म्हणून बिब्बा बांधला. काय उमगंना. एकेक पान गळून शेवटी काडी ऱ्हायली. तिकडं बबीचं बारकं ताक पिऊन बाळसं धरत व्हतं. लई राग आला मला त्या झाडाचा.

माघात बबीनं हाळी दिली, "आत्या, या की!" गुलाबी फूल उमललं व्हतं. बबी बोटानं तंतू मोजत व्हती. पुन्हा मोजले. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणली, "पाचच हायेत. अझेलिया हाय. हे तुमचं हाय, आत्या."

माझं? मग ते? मला काय समजंना. मी फुलाकडं बघितलं, काडीकडं बघितलं. "म्हंजी मी जाळलं ते तुझं व्हतं?"

 बबीनं फुलाचा फोटो परमेश्वराला धाडला. लगेच फोन आला, तो बी आधी मला. "आई, तुझं फुललं की! बबिताचं कसं हाय?"

मी फोन तसाच बबीपुढं धरला. बबीनं फोन घेतला. "हाय की. त्याला जरा टाइम लागंल. आत्याच बघायल्यात त्याच्याकडं."

मी खाली बसले. काडीच्या बुडातली राख दोन्ही हातांनी उपसून टाकली. ताकाचा तांब्या आणून ओतला. मग काडीला नखानं खरवडलं, आत हिरवं हाय का बघायला. डोळ्याला पाणी आलेलं, काय दिसंना.

"बबे," म्हणलं, "तूच बघ गं."