पाच मिनिटांचा प्रवेश

तालमीच्या हॉलमध्ये वहिनींसाठी पहिल्या दिवसापासून हातांची खुर्ची ठेवलेली असे. वहिनी हे काही त्यांचं नाव नव्हे. साहेबांच्या खोक्यांच्या कारखान्यात सगळे त्यांना तसं म्हणत, तेच पुढे चिकटलं. साहेब म्हणजे त्यांचे यजमान. घरातही सगळे त्यांना साहेबच म्हणत, खुद्द वहिनीसुद्धा. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती आणि आता त्यांच्यावर नाटक बसत होतं. लिहिलं होतं धाकटीनं, म्हणजे त्यांच्याच मुलीनं.

धाकटी बावीस वर्षांपूर्वी घरातून गेली, ती पुन्हा उंबरा चढली नव्हती. साहेब गेले तेव्हाही आली नाही. मागच्या महिन्यात फोन केला तो एवढंच विचारायला, की घरातलं बारीकसारीक नटांना कोण सांगणार, तू येशील का. वहिनी हो म्हणाल्या. थोरला मुलगा चिडला. घरची लक्तरं वेशीवर टांगायची ती टांगायची, वर खुंटी तू दाखवणार, असं म्हणाला. वहिनींना त्याचं काही वाटलं नाही. हल्ली कशाचंच फारसं वाटत नसे. दात काढण्याआधी सुई देतात, मग गाल आपला असून आपला नसतो, तसं आतून झालेलं होतं. एकच गोष्ट मात्र त्यांना हवी होती. तालमी संपायच्या आत धाकटीनं एकदा घरी यावं. मागायचं कोणत्या तोंडानं, ते कळत नव्हतं.

म्हणून त्या मुकाट्यानं येत आणि विचारलं तेवढं सांगत. साहेबांचं काम करणारा नट धिप्पाड होता, वाक्यागणिक टेबलावर मूठ आपटायचा. वहिनींनी सांगितलं, ते ओरडत नसत. आवाज खाली आणायचे, इतका खाली की ऐकायला समोरच्याला वाकावं लागे. मग त्या वाकलेल्या माणसाशी बोलायचे. नटानं तसं करून पाहिलं, तर हॉलमध्ये कुणी खुर्चीसुद्धा सरकवली नाही.

घड्याळाचंही त्यांनीच सांगितलं. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, की समोरच्याची पाच मिनिटं सुरू. तेवढ्यात त्यानं आपलं चंबूगबाळं आवरायचं. जुना फोरमन असाच गेला. सख्ख्या भावाला तर इस्पितळाच्या खाटेवर सही करायला लावून भागीदारीतून उठवलं. तिथं घड्याळ औषधाच्या बाटल्यांमध्ये ठेवलं होतं.

धाकटी पेन्सिलीनं सगळं टिपून घेई. मायलेकींचं बोलणं खुर्च्या किती, दिवा किती खाली, यापुढे जात नव्हतं. डबा आणलायस का, एवढं वहिनींनी एकदा विचारलं. आणलाय, म्हणाली.

शेवटच्या आठवड्यात जेवणाच्या टेबलाचा प्रवेश आला. नाटकातली मुलगी बापाला म्हणते, काकांची सही कशी घेतलीत ते मला ठाऊक आहे. बाप घड्याळ काढून ठेवतो. मुलगी उठून दाराशी चपला घालते. तेवढ्यात आई वाढायचा डाव खाली ठेवून उभी राहते आणि म्हणते, ही जाणार असेल तर मीही निघाले. आईचं काम करणारी नटी तयारीची होती. दिग्दर्शकानं डोळे पुसले आणि वहिनींकडे वळून विचारलं, की बरोबर आहे ना.

मान हलवली असती तरी भागलं असतं.

"मी उठले नव्हते," वहिनी म्हणाल्या. "मी वाढत होते. थोरल्याला वाढलं, मग साहेबांना. मग हिच्या ताटातलं परत भांड्यात काढलं. वाया जाऊ नये म्हणून."

दिग्दर्शक चाचरत म्हणाला, की वहिनी, प्रेक्षकांना आई उठलेली हवी असते. धाकटीनं सगळ्यांना चहाला पाठवलं. खुर्ची ओढून ती आईसमोर बसली.

"मला माहीत आहे, आई. मी तिथंच होते की."

"मग असं का लिहिलंस?"

"दारात मी चपला किती वेळ घालत होते, आठवतं तुला?"

वहिनींना आठवत होतं. पाठमोरी, वाकलेली पोर, आणि पट्ट्याशी चाललेली खुडबुड. "बक्कल अडकलं होतं ना तुझं," त्या म्हणाल्या.

"बक्कल चांगलं होतं."

बाहेर कुणीतरी चहाचे कप मोजून मागत होतं. वहिनी आपल्या हातांकडे बघत राहिल्या.

"मला वाटलं, चपला खराब झाल्यात," त्या म्हणाल्या. "पुढच्याच आठवड्यात नव्या आणल्या होत्या. तुझ्या मापाच्या. कपाटात आहेत अजून. पट्टे कडक झाले असतील आता."

धाकटी पेन्सिल बोटांत फिरवत राहिली. चहा आटोपून मंडळी आत आली, तेव्हा तिनं नटीला सांगितलं, की उठायचं नाही, वाढत राहायचं. आणि मुलीनं चपला घालायला पुरी पाच मिनिटं घ्यायची. दिग्दर्शक म्हणाला, स्टेजवर पाच मिनिटं म्हणजे जन्म जातो. जाऊ दे, धाकटी म्हणाली.

प्रवेश पुन्हा झाला. मुलगी दाराशी वाकून बसली. नटीनं मुलाला वाढलं, नवऱ्याला वाढलं आणि मुलीच्या ताटातलं भांड्यात काढायला घेतलं. वहिनी त्या हाताकडे बघत होत्या. दुसऱ्याच कुणाचं काहीतरी बघावं तसं दिसत होतं. मुलगी एकदाची दार ओढून गेली, तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही.

धाकटी वही घेऊन आली. भांडं कुठल्या हातात होतं, तिनं विचारलं. डाव्या, वहिनी म्हणाल्या. तिनं लिहून घेतलं. चपलांचा रंग विचारला. तपकिरी. तेही लिहून घेतलं.

"प्रयोगाला लागतील," ती म्हणाली. "उद्या येऊन नेते."

वहिनींना आनंद व्हायला हवा होता. त्या थोडा वेळ वाट बघत बसल्या. तो काही आला नाही. मग त्यांनी विचारलं, "किती वाजता येशील?"

"घड्याळ लावून नाही येणार," धाकटी म्हणाली, आणि पुढच्या प्रवेशासाठी टेबल हलवायला गेली.