पुस्तकातला दारूवाला

पोस्टमास्तरांची व्हर्ना केस कापून शिकागोला गेली आणि तिथं बसून तिनं आमच्या मिलेट फोर्क गावावर कादंबरी लिहिली. नावं तेवढी बदलली. त्यात प्रार्थनेत घोरणारा पाद्री होता, नवरा सोडून मोटार हाकणारी बाई होती, आणि दारूबंदीत ओटच्या पोत्यांतून बाटल्या विकणारा एक लुच्चा होता. तो लुच्चा म्हणजे मी. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. बायकोनं, डॉर्कसनं, वाचून दाखवलं आणि म्हणाली, "आता तोंड शिवून बसा."

निषेध करायला चर्चच्या तळघरात सभा भरली. जो तो आपलं पान दुमडून आला होता.

"ही आगलावी म्हणजे मीच!" थर्झा ग्रिम्स ताठ मानेनं म्हणाली.

"चल! तुझ्या जिभेला एवढी धार कुठली? ती मी," तिची जाऊ कडाडली.

न्हावी ऑरिन स्टब्ज कोपऱ्यात रडकुंडीला आला होता. वीस वर्षं गावाच्या हनुवट्या त्याच्या हातात, आणि पुस्तकात त्याचा एक केसही नाही! शेवटी तो उठला. "दारूवाला मी आहे!"

मागे केक खात बसलेले शेरीफ बॉग्ज उभे राहिले. "काय म्हणालास?"

"पान ब्याण्णव. तो मीच."

"अरे, तो सहा फुटी आहे. तू खोक्यावर चढून दाढ्या करतोस!"

"तिनं वाढवलं असेल!"

शेरीफनी दुकान उलटंपालटं केलं. केसांच्या तेलापलीकडे काही मिळेना. गाव पोट धरून हसलं.

सकाळी ऑरिन माझ्या दारात. "हायरमदादा, एक बाटली दे. शेरीफला मीच बोलावतो."

"येड्या, महिनाभर आत बसशील."

"बसेन. पण पुस्तकात बसेन!"

बाटलीचं काही नाही, पुस्तकातलं माझं पान द्यायचं जिवावर आलं. मागून डॉर्कसनं कोपर मारलं. "दोन द्या त्याला!"

ऑरिनला तीस दिवसांची कैद झाली. जिल्ह्याच्या पेपरात फोटो आला: 'कादंबरीतला खरा दारूवाला'. शिकागोहून लोक मोटारी काढून येत आणि गजांतून पुस्तक आत सरकवून त्याची सही घेत. शेवटी मलाही राहवेना. प्रत घेऊन रांगेत उभा राहिलो.

ऑरिननं मान वर न करता विचारलं, "आपलं नाव?"