निजू दे त्याला

मालतीला आठव्या महिन्यातच मुलगा झाला. मूठभर जीव, पण हातपाय घटकाभर स्वस्थ नाहीत. बापाला, गंगाधरमास्तरांना, त्याचं कोण कौतुक! शाळेतून आले की टोपी खुंटीला अडकवण्याआधी दुपटं सोडायचे आणि त्याच्या तळव्यांना गुदगुल्या करायचे. बाळ लाथा झाडी, रडून लालबुंद होई.

"बघ, पैलवान होणार!" मास्तर म्हणत.

पण पैलवानाच्या अंगावर मांस धरेना. दूध तर पीत होता. शेवटी दोघं त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी त्याला काट्यावर घातलं, छाती तपासली आणि विचारलं, "झोपतो का नीट?"

मालतीनं नवऱ्याकडे पाहिलं. मास्तर खाली बघू लागले.

"रडणं, पाय झाडणं ही त्याची मेहनतच की," बाई म्हणाल्या. "पितो तेवढं त्यातच खर्ची पडतं. अंगाला काय लागणार? ऊब द्या, पाजा आणि निजू द्या."

त्या दिवसापासून मास्तर पाळण्याजवळ पहाऱ्याला बसले. चारच दिवसांत मंगळवेढ्याहून त्यांची थोरली बहीण प्रेमला आली. आल्याआल्या तिनं पाळण्यात हात घातला.

"आक्का, उचलू नकोस!"

"का रे? मोटारीत हाडं खिळखिळी करून आले ते भाच्याला लांबून बघायला?"

ती रुसली. चहालाही शिवेना. मग मास्तरांनी हलक्या आवाजात बाईंचं सगळं बोलणं तिला सांगितलं. "जागा झाला की तो दमतो गं. वाढायला त्याच्यापाशी काही उरतच नाही."

प्रेमलानं पाळण्यात वाकून पाहिलं. बाळाच्या बरगड्या दिसत होत्या. तिनं हातातल्या बांगड्या वर सारून रुमालानं बांधल्या, वाजू नयेत म्हणून. शेजारच्या यशोदाबाई बाळ बघायला आल्या, तेव्हा आक्कानं त्यांना उंबऱ्यावरूनच परतवलं.

पुढच्या खेपेला दवाखान्यात काट्यावरही पठ्ठ्या झोपलेलाच. वजन वाढलं होतं. डॉक्टरीणबाई हसल्या. "आता थोडं खेळवायला हरकत नाही."

घरी आल्यावर मालतीनं बाळाला मास्तरांपुढे धरलं. ते मागे सरकले.

"नको, उठेल."

"उठू दे की. अहो, घ्या!" म्हणत तिनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं.

बाळानं डोळे उघडून बापाकडे पाहिलं. मास्तर श्वास रोखून बसले.